बाळाची कातडी लगेच सोलवटते, ईबी सांगितलंय. मालीश करावी का?

कळव्याची आई:
मुलगी तीन महिन्यांची. जरा घासलं की पाण्याचा फोड, फुटला की सोलवटतं. डॉक्टरांनी एपिडर्मोलायसिस बुलोसा (ईबी, कातडी फार नाजूक असण्याचा जनुकीय आजार) सांगितलंय, जीन टेस्टचा रिपोर्ट यायचाय. सासूबाई म्हणतात दोन्ही घरांत असं कोणाला नाही, तेल जिरलं की कातडी घट्ट होईल. व्हॉट्सॲपवर कोणीतरी अमेरिकेतल्या जेलची बातमी पाठवली. फोड फोडायचे का? उचलायचं कसं?

ऐरोलीकर (मुलगा नऊ वर्षांचा, ईबीचा डिस्ट्रॉफिक प्रकार):
ताई, मालीश अजिबात नको, सासूबाई रुसल्या तरी चालतील. करदोटा, वाळे आजच काढा. आमच्याकडे कमरेवर करदोटा होता तिथेच, बरोब्बर त्या रेषेत फोड उठले होते. झबल्याची शिवणही काचते; आम्ही झबली उलटी घालायचो.

काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, खाली जाड मऊ दुपटं.

फोड तसाच ठेवला तर पसरतो. निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी जाऊ द्यायचं, वरची कातडी मात्र काढायची नाही. आधी नर्ससमोर करून बघा. वर न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग. चिकटपट्टी कसलीच नको, मायक्रोपोरसुद्धा. एका लॅबमध्ये पट्टीबरोबर कोपरावरची कातडी निघून आली, तेव्हापासून मी दारातूनच ओरडत जाते.

हे संसर्गजन्य नाही. ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये रोज कोणीतरी विचारतं, 'भाजलंय का हो?' मी 'हो' म्हणून मोकळी होते.

घणसोलीचा काका:
घरात कोणाला नसलं तरी होतं. काही प्रकारांत आईबाप दोघं नुसते वाहक असतात, त्यांना काहीच त्रास नसतो; मग दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता. कधी बदल बाळातच नव्याने होतो. पुढच्या मुलाचा विचार असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्या.
ते जेल म्हणजे व्हायजुवेक असणार. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण फक्त डिस्ट्रॉफिकसाठी, सीओएल७ए१ जीनमध्ये दोष असेल तर. जखमेवर लावत राहावं लागतं, आजार मुळापासून जात नाही. सिम्प्लेक्स हा ईबीचा दुसरा प्रकार निघाला तर त्याचा उपयोग नाही. रिपोर्ट येऊ द्या.

कळव्याची आई:
करदोटा काढला. पण पाठीवर काल मायक्रोपोर लावलंय, ते आता कसं काढू?

ऐरोलीकर:
ओढू नका! कोमट सलाईनने भिजवा, कडेकडेने व्हॅसलिन जिरवा, थांबा. नाहीच सुटलं तर तसंच राहू द्या आणि उद्या ओपीडीत दाखवा.