जपानमध्ये आईला हस्तकला दाखवायची आहे, कुठे न्यावं?

सायली_क: ऑक्टोबरअखेरीस टोकियो ते ओसाका असा प्रवास आहे. आई भरतकाम-विणकामात मुरलेली, देवळं-किल्ले दोनच दिवसांत पुरे म्हणेल. हात चालताना दिसतील असं एखादं गाव सुचवा. चालणं बेताचं हवं.

बटाटेवडा: कानाझावा! जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख तिथेच बनतो. वर्ख लावलेलं आइस्क्रीमही मिळतं (चवीला साधंच, फोटोपुरतं ठीक). वाजिमा या गावची लाखेची भांडीही तिथल्या दुकानांत मिळतात. खुद्द वाजिमाचा बेत मात्र नीट चौकशी करूनच आखा, १ जानेवारी २०२४च्या भूकंपात तिथला सकाळचा बाजार जळून गेला.

निळाई: वडेभाऊ, कानाझावा सुंदरच, पण वाट वाकडी करावी लागते. ओसाकाहून आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. सायली, वाटेतल्या नागोयाला उतरून आरिमात्सु गाठ. मेइतेत्सु या खासगी रेल्वेच्या लोकलने अर्ध्या तासाच्या आत. जेआर पास (जपान रेल्वेचा प्रवासी पास) तिथे चालत नाही, वेगळं तिकीट काढ. १६०८ मध्ये तोकाइदो या टोकियो-क्योतोच्या जुन्या हमरस्त्यावर वसलेलं गाव. वाटसरूंना बांधणीचे पंचे विकून वर आलं. जुन्या वाड्यांचा एकच रस्ता आहे, आईंचे पाय दुखणार नाहीत.

तिथल्या शिबोरी काइकानमध्ये (शिबोरी म्हणजे जपानी बांधणी, काइकान म्हणजे भवन) बायका समोर बसून गाठी मारतात. कोळिष्टकासारख्या नक्षीसाठी कापड आकड्याला अडकवायचं, चिमटीत बारीक चुण्या गोळा करायच्या आणि दोरा भराभरा गुंडाळत जायचं. आखणी वगैरे काही नाही, सगळा बोटांचा अंदाज. बांधायचे शंभरावर प्रकार आहेत, पण पूर्वापार एकेका बाईचा हात एकाच प्रकारावर बसलेला. आईंना रुमाल बांधून बघायचा असेल तर आधी नोंदणी कर.

सायली_क: हे तर आईसाठीच! तिच्याकडे जामनगरची बांधणी आहे, ताडून बघेल. खरेदीत फसगत होते का?

निळाई: छापील नक्कल असते. हाताच्या कामात ठिपके सारखे नसतात, कापडावर बोट फिरवलं की उंचवटे लागतात. युकाताचं (उन्हाळी सुती किमोनोचं) अख्खं कापड महाग पडेल, स्कार्फ बघ.

बटाटेवडा: मान्य, आरिमात्सुच. आणि घरी आल्यावर त्यावर इस्त्री फिरवू नका, चुण्या सपाट होतात.