फीडबॅकमधील विलंब वर्गात खेळातून शिकवता येईल का?

प्रश्न (नांदेड):
नमस्कार. मी तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम्स शिकवतो. विद्यार्थी बोडे प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार प्रणालीचा प्रतिसाद दाखवणारे आलेख) बिनचूक काढतात, फेज मार्जिनही (प्रणाली अस्थिर होण्याआधी फेज आणखी किती मागे पडू शकते ती मुभा) बरोबर आणतात. परंतु फीडबॅक (परिणाम पाहून पुढची कृती सुधारण्यासाठी परत येणारी माहिती) उशिरा पोहोचला की सुरळीत चाललेली प्रणाली हेलकावे का खाऊ लागते, असे विचारले की वर्ग चिडीचूप होतो. यासाठी कोणी एखादा खेळ घेतला आहे का?

उत्तर (जालना):
सर, अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठात १९६० च्या सुमारास प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटात तयार झालेला ‘बीअर गेम’ घेऊन पाहावा. आम्ही बीअरऐवजी बियाण्यांच्या पिशव्या घेतो. हा व्यापार जालन्याच्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक आणि कंपनी अशी चार टेबले मांडायची, बोलण्यास मनाई करायची, मागणी फक्त चिठ्ठीने पाठवायची आणि माल दोन फेऱ्या उशिरा द्यायचा. ग्राहकाची मागणी पहिल्या चार फेऱ्यांत ४ पिशव्या असते आणि पाचवीपासून शेवटपर्यंत ८. तरीही कंपनीकडे येणाऱ्या मागण्या आधी भलत्याच उसळतात आणि मग शून्यावर येतात, कारण वाटेतला माल विसरून प्रत्येक जण पुन्हा चिठ्ठी पाठवतो. खेळानंतर कंपनीच्या टेबलावरील मुलांना ग्राहकाच्या मागणीचा आलेख अंदाजाने काढायला सांगावा. ती बहुधा लाटच काढतात.

उत्तर (लातूर):
खेळ उत्तम आहे, पण साठ मुलांच्या वर्गात एका तासिकेत तो आटोपत नाही, आणि त्यात गेन (चुकीवर प्रणाली किती जोराने प्रतिक्रिया देते ते प्रमाण) वेगळा बदलून दाखवता येत नाही. त्यापेक्षा एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला खडूच्या रेघेवरून चालवावे. दुसऱ्याने ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ सांगावे आणि चालणाऱ्याने तो आदेश दोन टाळ्यांनंतर पाळावा. भरभर चालले की झोकांड्या वाढत जातात, सावकाश चालले की तेवढाच विलंब खपून जातो. चालण्याचा वेग हाच येथे गेन. मग लगेच फळ्यावर दाखवावे की विलंबाने मॅग्निट्यूड (लाटेची उंची) बदलत नाही, फेज (लाट किती पुढे-मागे आहे ते) मात्र फ्रिक्वेन्सी गुणिले विलंब इतकी मागे पडते. म्हणून गेन कमी करून क्रॉसओव्हर (मॅग्निट्यूड एकवर येते ती फ्रिक्वेन्सी) खाली आणला की फेज मार्जिन वाचते. ही मांडणी दुसऱ्या दिवसावर ढकलली, तर मुलांना झोकांड्याच तेवढ्या आठवतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आदेश देणाऱ्याने समोर उभे राहावे की मागे?

उत्तर (लातूर):
मागे, समोरून डावे-उजवे उलट होते आणि चिन्हाची चूक विलंबाच्या नावावर खपते.