झॉम्बी चावला म्हणून शार्लट सुटली का?

कढीपत्ता
मंडळी, सुट्टीत भाच्याच्या कपाटातली दोन पुस्तकं लागोपाठ वाचली आणि डोकं भणभणलंय, म्हणून हा धागा. पहिलं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ (२००९). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेन ऑस्टिनची १८१३ ची कादंबरी, पाच लग्नाच्या मुली, त्यांच्या लग्नांच्या काळजीनं हवालदिल झालेली आई, पैसेवाला शिष्ट डार्सी, सगळं तसंच, बरीचशी वाक्यंही तिचीच, फक्त इंग्लंडभर प्रेतं उठून लोकांचे मेंदू खात फिरतायत आणि बेनेट बहिणी चीनला जाऊन मारामारी शिकून आल्यात. दुसरं त्याच लेखकाचं, सेथ ग्रॅहम-स्मिथचं, ‘अब्राहम लिंकन: व्हॅम्पायर हंटर’ (२०१०). त्यात लिंकन कुऱ्हाड घेऊन व्हॅम्पायर कापत सुटतो.

पहिल्यावर पोट धरून हसले. दुसऱ्यानं चिडले. लिंकनची आई १८१८ मध्ये गेली, पोरगं नऊ वर्षांचं. तिकडे रानात एक विषारी झाड उगवतं, ते गाईनं खाल्लं की विष दुधात उतरतं, ते दूध पिऊन गेली बिचारी. पुस्तकात तिच्या मरणामागे व्हॅम्पायर. बरं, इथपर्यंत चालवून घेतलं. पण पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतली गुलामगिरी कशासाठी चालू आहे तर म्हणे व्हॅम्पायरना आयतं रक्त मिळावं म्हणून! अहो १८६० च्या शिरगणतीत तिथे जवळपास चाळीस लाख गुलाम होते. त्यांना विकत घेणारे, फटके मारणारे, पोरं आयांपासून तोडून विकणारे सगळे दोन पायांचे, रविवारी चर्चला जाणारे, कापसाचा भाव बघणारे लोक. त्यांचं पाप भुताच्या खात्यावर टाकायचं? मला नाही पटलं. तुम्हाला काय वाटतं?

रातकिडा
ताई, हलकेच घ्या हो. शीर्षकातच ‘व्हॅम्पायर हंटर’ लिहिलंय, त्याला इतिहासाचं पुस्तक समजून कोण वाचणार? आणि मळेवाले त्यात सुटत नाहीत, व्हॅम्पायरांशी सौदा तेच करतात, गुलाम तेच विकतात. उलट गुलामगिरी म्हणजे माणसाचं रक्त पिणंच, हे पोरांना एका फटक्यात कळतं, शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींनी कळत नाही. दुसरं म्हणजे हे आजचं फॅड नाही. शेक्सपिअरनं मॅकबेथमध्ये चेटकिणी घातल्याच ना? खरा मॅकबेथ १०४० ते १०५७, सतरा वर्षं स्कॉटलंडचा राजा होता, त्यानं आधीच्या राजाला, डंकनला, झोपेत नाही, लढाईत मारलं. आणि शेक्सपिअरच्या वेळचा राजा जेम्स, त्यानं स्वतः चेटूकविद्येवर १५९७ मध्ये पुस्तक छापलेलं, त्याच्या काळात त्याच्या आवडीचा मसाला घातला. तेव्हा कुणी धागा नाही काढला.

सांडगी_मिरची
+१ रातकिडा. ज्याला मूळ वाचायचंय तो मूळ वाचतोच.

भाकरतुकडा
मॅकबेथचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत, पण ते तुमच्यावरच उलटतंय. चेटकिणी फक्त ‘तू राजा होशील’ एवढंच सांगतात. सुरा हातात घेणारा मॅकबेथ आणि त्याला टोचून टोचून पाठवणारी त्याची बायको. नाटकभर तो माणूस हात धूत बसत नाही, ती धुते, पण खून दोघांचाच राहतो. चेटकिणींनी येऊन डंकनला गिळलं असतं तर नाटक पहिल्या अंकात संपलं असतं आणि कुणाला आठवलंही नसतं. म्हणजे भूत घालायला माझी हरकत नाही, भुतानं माणसाचं काम करायला आहे.

आणि म्हणूनच कढीपत्ता ताई, तुमचंही मला अर्धंच पटलं. पहिल्या पुस्तकाला तुम्ही हसून सोडून दिलंत. नायिका एलिझाबेथ बेनेटची मैत्रीण शार्लट ल्यूकस, तिचं काय केलंय त्यात ते बघा ना. मूळ कादंबरीत शार्लट सत्तावीस वर्षांची, दिसायला साधी, हुंडा नाही. तो कॉलिन्स, ज्याच्याशेजारी दहा मिनिटं बसवत नाही, त्यानं विचारलं आणि ती शांत डोक्यानं हो म्हणाली. एलिझाबेथला धक्का बसतो. झॉम्बीवाल्यात काय, तर शार्लटला झॉम्बीनं जखमी केलंय, ती हळूहळू मरणार आहे, म्हणून शेवटचे दिवस तरी सुखाचे जावेत म्हणून ती कॉलिन्सला हो म्हणते. झालं! म्हणजे लागण झाली म्हणून केलं बाई लग्न. मुलीच्या हातात पैसा नाही, नोकरी नाही, बापाच्या घरात भावांच्या जिवावर म्हातारं व्हायचं, हे जे ऑस्टिननं दाखवलं त्याची गरजच उरली नाही. तुम्ही लिंकनवाल्यात ज्यावर चिडलात तेच आहे हे.

कढीपत्ता
अरे बापरे. खरंच की. मी तर त्या भागाला सगळ्यात जास्त हसले होते, तिची वाचा जाते, चेहरा उतरतो, एलिझाबेथला लगेच दिसतं आणि नवऱ्याला पत्ताच नाही.

निवांत_कासव
थांबा थांबा, त्या हसण्यातच तर पुस्तक जिंकलंय ना! बायको डोळ्यांदेखत मढं होत चाललीय आणि नवरा डार्सीच्या श्रीमंत मावशीचं, लेडी कॅथरीनचं गुणगान गातोय, ही ऑस्टिनचीच चेष्टा आहे, फक्त आवाज वाढवलाय. तसंच ते चीन-जपानचं. श्रीमंत लोक मारामारी शिकायला जपानला जातात, बेनेटांना चीन परवडतो, आणि लेडी कॅथरीन त्यावरून नाक मुरडते. आमच्या नात्यात कुणाचं पोरगं अमेरिकेला आणि कुणाचं युक्रेनला डॉक्टरकीला, त्यावरून लग्नाच्या पंगतीत जे चालतं तेच. लेखकाला मूळ पुस्तक कळलेलं आहे.

भाकरतुकडा
जपानचं मान्य, ते छानच जमलंय. पण मागणीचा प्रसंग घ्या. डार्सी पहिल्यांदा लग्नाचं विचारतो ते विचारता विचारता तुमचं खानदान किती हलकं हे पण सांगतो, आणि एलिझाबेथ त्याला झाडते. झॉम्बीवाल्यात ती त्याला अशी लाथ घालते की तो शेकोटीच्या वरच्या फळीवर आदळतो आणि फळीची कड फुटते. टाळ्या. मुळात ती एवढंच म्हणते की तुम्ही जरा सभ्य माणसासारखं वागला असतात तर नकार देताना मला वाईट तरी वाटलं असतं. हे झालं वसंतात. शरद ऋतूत, दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा तो तिला तेच वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवतो आणि सांगतो की याने मला किती छळलंय याची तुला कल्पना नाही. लाथेचा मुका मार आठवड्यात उतरतो हो.

रातकिडा
काका, म्हणजे तुम्हाला लाथ मारलेली आवडत नाही एवढंच 😀

ओसरीवरून
जरा व्यवहाराचं बोलू का. हे पुस्तक आलं कुठून, तर फिलाडेल्फियाच्या क्वर्क बुक्सच्या संपादकानं कागदावर दोन याद्या केल्या. एकीकडे नेटवर लोकांना आवडणाऱ्या गोष्टी, निन्जा, समुद्री चाचे, माकडं, झॉम्बी. दुसरीकडे कॉपीराइट संपलेल्या कादंबऱ्या. मग इकडून तिकडे रेघा मारल्या, जोड्या लावा! चौथीचा प्रश्न! आणि कव्हरवर जेन ऑस्टिन सहलेखिका. बाई १८१७ ला गेली, मानधनाचा प्रश्नच नाही. २००९ मध्येच तिच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ मध्ये समुद्री राक्षस सोडून दुसरं पुस्तक पण काढलं, फक्त लेखक वेगळा. एकदा गंमत, दुसऱ्यांदा दुकान.

वाडा_चिरेबंद_नाही
अवांतर वाटेल पण नाहीये. पुण्यात हे आपण केव्हापासून करतोय. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा खून झाला, अठरा वर्षांचं पोर. मागच्या वर्षी पाहुण्यांची पोरं घेऊन गेलो, त्यांना ‘काका मला वाचवा’ पाठ, पौर्णिमेला आवाज येतो हे पाठ, कुठल्या भिंतीतून येतो ते पण मलाच दाखवत होती. काका कोण, विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागली. सुमेरसिंग गारदी, रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे, शून्य. भूत ओरडतं, आणि काका सुटला.

सांडगी_मिरची
पण भूत नसतं तर त्या पोरांनी नारायणरावाचं नाव तरी ऐकलं असतं का? माझ्या बाबतीत सांगते, मी भुतामुळेच आजोबांना विचारलं आणि त्यांनी ‘ध’ चा ‘मा’ सांगितलं, मग रामशास्त्री, मग पुढचं सगळं. भूत हे दार आहे, आत जायचं की नाही ते घरच्यांवर आहे.

वाडा_चिरेबंद_नाही
आजोबा सगळ्यांना नसतात हो.

कढीपत्ता
यावरून आठवलं, ऑस्टिनची स्वतःचीच एक कादंबरी आहे याच भांडणावर, ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’, ती गेल्यावर १८१७ च्या डिसेंबरात आली. नायिका कॅथरीन भयकथा वाचून वाचून बिघडलेली. जुन्या मठाच्या घरात पाहुणी जाते, रात्री वादळ, काळं कपाट, आत गुंडाळलेले कागद, तेवढ्यात मेणबत्ती विझते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उलगडून बघते तर धुलाईची बिलं! मग तिला वाटतं घरमालक जनरलनं बायकोला मारलं असणार. तसं काही नसतं. पण पोरगी आपण समजलो तेवढी पैसेवाली नाही हे कळल्यावर तोच जनरल तिला सकाळी सकाळी एकटीला घोडागाडीत बसवून सत्तर मैल घरी हाकलून देतो, जवळ पैसे आहेत का हेही न विचारता. भूत नव्हतं, म्हणजे जनरल चांगला होता असं नाही, एवढं तिनं दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्यामुळे भाकरतुकडा काका, शार्लटबद्दल तुमचं बरोबर, माझं हसणं मागे घेते. लिंकनवर मात्र मी ठाम.

निवांत_कासव
मी माझं हसणं मागे घेत नाही. पुस्तक पुन्हा वाचणार, लाथेसकट.

रातकिडा
एक कबुली. मी मूळ प्राइड अँड प्रेज्युडिस वाचलेलंच नाही, झॉम्बीवालं वाचून इथे तावातावानं भांडतोय 🙈 तर विचारतो, मूळ पुस्तकात शार्लटला खरंच काहीच होत नाही? शेवटपर्यंत?

भाकरतुकडा
काहीच नाही. कोंबड्या पाळते, घर नीट ठेवते. घरात पुढच्या बाजूला मोठी, छान खोली असते, पण ती स्वतःला बसायला मागच्या अंगाची घेते. एलिझाबेथला आधी आश्चर्य वाटतं, मग लक्षात येतं. पुढच्या खोलीत बसली असती तर नवरा सारखा येऊन बसला असता.