मदत हवी आहे: जुन्या बीएस-३ स्कूल बसला डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) बसवावा का?

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजेत आमच्या तीन स्कूल बस आहेत, बाबांनी सुरू केलेला धंदा, आता रोजचं सगळं मी बघते. तिन्ही गाड्या २०११-१२ च्या, बीएस-३ (म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी निकषाच्या), पंप मेकॅनिकल, सेन्सर वगैरे काही नाही. पीयूसी होतं, पासिंग होतं, कागदावर सगळं ओके. पण मागच्या सीटवरची मुलं कपड्यांना धुराचा वास येतो म्हणतात, आणि परवा एका आईने विचारलं की माझ्या मुलाला दमा आहे, त्याला पुढे बसवाल का. बसवलं लगेच. पण मग मागे दुसऱ्या कोणाचं तरी मूल बसणारच ना, ते डोक्यातून जात नाहीये. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे डब्ल्यूएचओच्या संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय, म्हणजे आमच्या गाड्या नव्या होत्या तेव्हाच.

तिन्ही बस बदलून बीएस-६ घेणं आत्ता शक्य नाही, म्हणून रेट्रोफिटचं, म्हणजे जुन्याच गाडीला धूर कमी करणारं किट बसवण्याचं, वाचायला घेतलं. मला समजलं ते असं, चुकत असेल तर सांगा: डीओसी म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसणारी जाळी, आत प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप, त्याने कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं डिझेल जळतं पण सुकी काजळी फारशी अडत नाही, एकूण कण २०-३० टक्के कमी होतात. डीपीएफमध्ये सिरॅमिकच्या बारीक नळ्या, एका आड एक तोंड बंद, धूर भिंतीतून गाळून जातो, ८५ टक्क्यांच्या वर काजळी थांबते. एससीआर युरियावाला, तो नायट्रोजन ऑक्साइडसाठी, लंडनमध्ये जुन्या युरो-३ (आपल्या बीएस-३ सारखा तिकडचा निकष) बसना बसवलेला, पण माझा प्रश्न मुलांच्या नाकात जाणाऱ्या काजळीचा आहे म्हणून तो सध्या बाजूला ठेवलाय. पूर्वी आपल्या डिझेलमध्ये सल्फर ३५० पीपीएम असायचं, त्यात डीपीएफ टिकलाच नसता. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं मिळतं, म्हणजे ती अडचण गेली.

आता अडलंय इथे की आमचा फिटर म्हणतो फिल्टर चोक होणार आणि इंजिन बसणार, आणि किट विकणारा म्हणतो काही होत नाही, जनरेटरला शेकडो बसवलेत. रूट छोटे आहेत, दर दोन मिनिटांनी स्टॉप, इंजिन नीट तापायच्या आत शाळा येते. काय करू? आरटीओचं काय? कोणी बसला प्रत्यक्ष बसवलाय का?

पंपनोझल
ताई, किटचं नंतर, आधी इंजिनचं बघा. धूर कोणत्या रंगाचा आहे? काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन, एअर फिल्टर. निळसर असेल तर ऑईल जळतंय, रिंग-लायनरचं काम आलंय. ऑईल खाणाऱ्या इंजिनला डीपीएफ लावायचाच नाही, कारण काजळी जळून जाते पण ऑईलची राख जळत नाही, ती आत साचतच राहते आणि फिल्टर काढून साफ करावा लागतो. नुसतं पंप-नोझलचं काम नीट केलं तरी धुरात फरक डोळ्यांना दिसेल.

उष्णतामापी
तुमचा फिटर चुकीचं बोलत नाहीये. अडकलेली काजळी जाळायला कॅटॅलिस्टवाल्या फिल्टरला धुराचं तापमान साधारण २५० अंशांच्या वर आणि तेही बराच वेळ लागतं, कॅटॅलिस्ट नसेल तर ५५०-६०० अंश. जनरेटर एकाच स्पीडवर लोड घेऊन चालतो म्हणून तिथे जमतं, स्कूल बसचं तसं नाही. कॅलिफोर्नियात असा फिल्टर बसवण्याआधी गाडी नेहमीच्या रूटवर चालवून तापमानाची नोंद घ्यावी लागते. तुम्हीही तेच करा, एक्झॉस्टला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावा, आठवडाभराची नोंद घ्या, आणि विक्रेत्याकडून लिहून घ्या की या तापमानाला हा फिल्टर चालेल. बसवलाच तर बॅकप्रेशरचा (फिल्टर चोक झाला की धुराचा मागे येणारा दाब) इंडिकेटर ड्रायव्हरसमोर हवा, त्याशिवाय नको.

जुना_चालक
एक गोष्ट कोणी बोललं नाही. ब्रीदर बघा! पिस्टनच्या रिंगमधून निसटलेला गॅस क्रँककेसमधून (इंजिनचा खालचा भाग) ब्रीदरच्या पाइपने बाहेर पडतो, जुन्या गाड्यांत तो खाली उघडाच सोडलेला असतो, इंजिन पुढे असलं की दार उघडलं की सरळ आत. अमेरिकेत स्कूल बसच्या आत मोजमाप केलं तेव्हा आतल्या बारीक कणांचा मोठा वाटा या ब्रीदरचा निघाला, म्हणून तिथे ब्रीदरला बंद फिल्टर आणि सोबत डीओसी अशी जोडी बसवली. डीओसीला काजळी जाळायची नसते त्यामुळे तो चोक व्हायची भीती खूप कमी, छोट्या रूटला हेच जमेल असं माझं मत. आणि मागच्या दाराचं रबर, फ्लोअरची भोकं, सायलेन्सरचे जॉइंट हे उद्याच तपासा. शाळेसमोर इंजिन बंद करायला लावा ड्रायव्हरला.

कागदपत्र
आरटीओबद्दल. गाडीत फेरफार केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, त्यामुळे एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा, आणि ते तुमच्याच इंजिन मॉडेलसाठी आहे का ते वाचा. जनरेटरच्या किटचं प्रमाणपत्र गाडीला चालत नाही, विक्रेते तेच दाखवतात. पीयूसीवर विसंबू नका, त्यात फक्त धुराचा काळेपणा मोजतात, अतिबारीक कण त्यात दिसतच नाहीत.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, ब्रीदरचं तर आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आत्ता अंगणात जाऊन बघितलं, दोन बसचा पाइप पुढच्या चाकाजवळ दाराच्या बाजूलाच उघडा आहे. शनिवारी तिन्हींचे नोझल काढून टेस्टिंगला देते, इंजिन बंद ठेवायचं ड्रायव्हरकाकांना सांगितलंय. उष्णतामापी दादा, थर्मोकपल आणि नोंद ठेवणारं यंत्र भाड्याने कुठे मिळेल? वालचंद कॉलेजच्या मेकॅनिकलच्या मुलांना विचारावं असं मनात आहे, प्रोजेक्ट म्हणून घेतील का ते? आणि ब्रीदरचा बंद फिल्टर या जुन्या इंजिनांसाठी कोल्हापूर-पुण्याकडे कोणी आणून दिलाय का, तेवढं सांगा.