मदत हवी आहे: जुना सी++ कोड नवीन कंपायलरवर टेस्ट करतोय, ऑटो पॉइंटर पास कसा होतो?

नमस्कार मंडळी, डिचोलीत वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बघतो, ट्रक काट्यावर आला की वजन घेऊन पावती काढायची एवढंच त्याचं काम, पण कोड सी++९८ च्या जमान्यातला आणि आजवर सेंटओएस ७ या लिनक्सवर जीसीसी ४.८ या कंपायलरनेच बिल्ड होत आला. सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला म्हणून आता उबंटू २४.०४, म्हणजे जीसीसी १३. चवथीच्या आधी उरकायचंय, नंतर ऑफिसात कोण सापडतोय!

जीसीसी १३ चा डिफॉल्ट सी++१७, म्हणजे भाषेचं २०१७ चं स्टँडर्ड. थ्रोच्या कंसात टाइप लिहिलेली फंक्शन्स लगेच एरर देतात, ते ठीक, पण ऑटो पॉइंटर (मेमरी आपोआप सोडणारा जुना पॉइंटर) आणि रँडम शफलपण १७ मधून काढलेत ना? ते नुसती डेप्रिकेटेडची वॉर्निंग देऊन पास. क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर टाकलं तरी तेच, मग दोन कंपायलर लावून टेस्ट करायचा उपयोग काय?

दुसरं म्हणजे काट्याच्या इंडिकेटरची जुनी स्टॅटिक लायब्ररी आहे, सोर्स नाही. लिंक करताना स्ट्रिंगवाल्या प्रत्येक फंक्शनला अनडिफाइन्ड रेफरन्स, नावात सीएक्सएक्स११, म्हणजे नव्या पद्धतीच्या स्ट्रिंगची खूण. एबीआयचा (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळायचे नियम) मॅक्रो ० केला, म्हणजे जुनी पद्धत लावली, की हे मिटतं पण बूस्ट ही दुसरी लायब्ररी बोंबलते.

प्रतिसाद १:
अरे क्लँग लिनक्सवर जीसीसीचीच स्टँडर्ड लायब्ररी उचलतो, कंपायलर बदललास पण हेडर तेच. त्या लायब्ररीने जुन्या कोडसाठी ऑटो पॉइंटर मुद्दाम ठेवलाय. क्लँगला लिबसी++, म्हणजे क्लँगवाल्यांची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी, लावून बघ, लिंक करू नको, नुसतं कंपाइल. १७ मोडमध्ये तिथे ऑटो पॉइंटर नाहीच. आणि आधी सी++९८ चा फ्लॅग देऊन सगळं पास करून घे, मग फक्त स्टँडर्ड बदल, म्हणजे कशामुळे काय फुटलं ते कळतं.

मॅक्रो अख्ख्या प्रोजेक्टला लावू नको. जुन्या लायब्ररीला हाक मारणारी एक रॅपर फाइल तेवढी मॅक्रो ० ने कंपाइल कर, तिच्यातून बाहेर इंट आणि कॅरॅक्टर पॉइंटर, स्ट्रिंग अजिबात नको. जीसीसी ५ पासून जुना-नवा दोन्ही एबीआय जीसीसीच्या एकाच स्टँडर्ड लायब्ररीत नांदतात. लिंक करताना रीलोकेशनची एरर आली तर पीआयई (प्रोग्राम मेमरीत कुठेही लोड होईल असा बनवणं) बंद कर, उबंटूत ते डिफॉल्ट चालू असतं.

धागाकर्ता:
देव बरें करूं! लिबसी++ लावल्यावर एररचा पाऊस पडला, तेच हवं होतं. रॅपरमधून एक्सेप्शन बाहेर आलं तर चालेल?

प्रतिसाद १:
नको रे, आतच पकड आणि एरर कोड दे.