‘थीम’ला साचा म्हणावं की साज?

प्रश्न

वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीच्या थीम, म्हणजे स्थळाला रंगरूप देणारे फाइलींचे संच, करायला शिकतेय आणि टिपणं मराठीत काढतेय. पहिल्याच पानावर अडले. ‘थीम’ला कोशात विषय, आशय, मध्यवर्ती कल्पना असे अर्थ मिळतात. पण ‘संकेतस्थळाचा विषय बदलला’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, काल पाककृती होत्या, आज शेअर बाजार आहे. ‘साचा’ चालेल का? चाइल्ड थीमला, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या जोडथीमला, ‘बालथीम’ लिहून पाहिलं, तर बालवाडीची जाहिरात वाटली.

प्रतिसाद

ताई, ‘साचा’ चांगला शब्द आहे, पण तो टेम्प्लेटसाठी राखून ठेवा. मराठी विकिपीडियावरही टेम्प्लेटला साचाच म्हणतात. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून कितीतरी गणपती निघतात, तसे एका फाइलीतून तुमचे सगळे लेख निघतात. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये लेखाचा साचा वेगळा, पानाचा वेगळा, संग्रहाचा वेगळा. नेमका साचा सापडला नाही की गाडी शेवटी इंडेक्स डॉट पीएचपी या फाइलीवर येऊन थांबते. म्हणजे थीम ही साच्यांची पेटी झाली. घोळ वाढवलाय जूमला या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या प्रणालीने, तिथे अख्ख्या पेटीलाच टेम्प्लेट म्हणतात.

थीमला मी ‘साज’ म्हणेन. २००५ साली १.५ या आवृत्तीत वर्डप्रेसमध्ये थीम आल्या, तेव्हाची वाटणी अशीच होती: मजकूर डेटाबेसमध्ये, दिसणं फाइलींमध्ये. एक साज उतरवून दुसरा चढवला तरी अंग तेच.

चाइल्ड थीमला सरळ ‘पोटथीम’ म्हणा. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू यांच्या रांगेत ती बरोबर बसते. नवखा असताना मी मूळ थीमच्याच स्टाइल डॉट सीएसएस या रंगरूपाच्या फाइलीत रंग बदलून ठेवले होते. पुढे थीमचं अपडेट आलं, मी बटण दाबलं आणि सगळे रंग धुऊन निघाले. तेव्हापासून जे काही करायचं ते पोटथीममध्ये. तिच्या स्टाइल डॉट सीएसएसच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डरचं नाव द्यावं लागतं, आणि ते कोणत्या शब्दापुढे? ‘टेम्प्लेट’! म्हणजे वर्डप्रेसवालेही या दोन शब्दांत गोंधळलेले आहेतच.

दुसरा प्रतिसाद

‘साज’ गोड आहे, पण २०२२ च्या जानेवारीत वर्डप्रेसची ५.९ ही आवृत्ती आली आणि तो तोकडा पडला. ब्लॉक थीममध्ये, म्हणजे ब्लॉक नावाचे तुकडे रचून केलेल्या थीममध्ये, साचे ब्राउझरमध्ये बसून साइट एडिटरने बदलता येतात, आणि ते बदल फाइलीत नाही, डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. मागे मी हेडरच्या, म्हणजे पानाच्या माथ्याच्या, फाइलीत बदल केला आणि पान ढिम्म. दोन तास कॅशला, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीला, शिव्या घातल्या. शेवटी कळलं की आदल्या आठवड्यात हाच हेडर मी साइट एडिटरमधून हलवला होता. तिथली प्रत असेल तर फाइलीला कोणी विचारत नाही. ती प्रत मूळ रूपावर आणली, तेव्हा कुठे फाइलीतलं दिसू लागलं.

आता सांगा, साज फाइलीत की अंगात? खरा साज उरलाय तो थीम डॉट जेसनमध्ये: रंग, अक्षरांचे आकार, मोकळ्या जागा. मी त्या फाइलीला ‘साज’ म्हणतो आणि थीमला थीमच राहू देतो. ‘ती थीम’ म्हणून मराठीने तिला केव्हाच घरात घेतलंय.

ब्लॉकला मात्र ‘ठोकळा’ नको, ‘ठोकळेबाज’ आठवतं. आमच्या कोकणात जांभ्याचा चिरा असतो, एकावर एक रचत जायचा. ब्लॉक थीमला चिरेबंदी थीम म्हणायचा मोह होतो, पण लोक वाडा शोधत येतील.

प्रश्नकर्ती

पोटथीम घेतली, साचाही घेतला. चिरा सासरच्या रत्नागिरीकरांना सांगून बघते. आता हुकचं, म्हणजे आपला कोड जोडायला वर्डप्रेसने ठेवलेल्या जागेचं, काय? ‘इथे हुक आहे’ असं लिहिलं की काहीतरी हुकल्यासारखं वाटतं.

पहिला प्रतिसाद

खुंटी. आपलं फंक्शन तिला टांगायचं, वेळ आली की वर्डप्रेस ते उचलतं. जुन्या पद्धतीची थीम लिहिताना फूटरच्या साच्यात ‘डब्ल्यूपी फूटर’ची ओळ विसरून बघा एकदा. प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडलेल्या सोयींच्या, स्क्रिप्ट येत नाहीत, कधी कधी लॉगिन केल्यावर दिसणारी वरची काळी पट्टीही गायब होते, आणि आपण मात्र प्लगइनवाल्याला दोष देत बसतो. खुंटीच ठोकली नाही, तर तो बिचारा सदरा टांगणार कुठे?