मदत हवी आहे: सासूबाईंचे गुडघे, दोन पोट्टे अन् चुनखडीची गुहा, कुटुमसर की बोरा?

नमस्कार मंडळी, आम्ही कोरपना तालुक्यातले, जिल्हा चंद्रपूर. नाताळच्या सुट्टीत पोट्ट्यांना गुहा दाखवायची आहे, अजिंठ्यासारखी माणसानं कोरलेली नाही, पाण्यानं आपोआप झालेली. आमच्या गडचांदूरकडे जिकडे पाहा तिकडे चुनखडीच्या खदानी अन् सिमेंटचे कारखाने, त्यामुळे पोट्ट्यांना हा दगड म्हणजे नुसतं सिमेंटच वाटते. परवा दगडाचा चुरा करून त्यावर लिंबू पिळलं, बारीक बुडबुडे आले, तर पोरगी म्हणते मग पावसानं काऊन नाही विरघळत? तिला सांगितलं विरघळते न, पावसाचं पाणी हवेतला अन् मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जरासं आंबट होते अन् हजारो वर्षं दगड खात राहते, तशाच गुहा होतात. तेव्हापासून ती मागंच लागली अन् खरं सांगते, मलाही तिला ते दाखवायचंच आहे.

कुटुमसर छत्तीसगडातल्या जगदलपूरपासून चाळीसेक किलोमीटर, कांगेर घाटीच्या जंगलात, आत आंधळे मासे आहेत म्हणून पोरगा तिकडेच ओढून राहिला. पण तोंड अरुंद, लोखंडी जिन्यानं खाली उतरा, आत लाइट नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात अन् पोराला दमा आहे. आंध्रातल्या आरकूजवळच्या बोराला पायऱ्या अन् लाइट आहेत म्हणतात. दोन्ही एकाच फेरीत होईल का? अन् पोरीनं ऑस्ट्रियातल्या बर्फाच्या गुहेचा व्हिडिओ पाहिला, उन्हाळ्यातही आत बर्फ कसा राहते ते कोणी सोप्या भाषेत सांगा न.

वैनगंगाकाठ: ताई, सासूबाईंना कुटुमसरमध्ये उतरवू नका, आत दमट अन् कोंदट लागते. पोराचं डॉक्टरला विचारल्याशिवाय ठरवू नका, पंप खिशातच ठेवा. नाताळात जाताय ते बरं, पावसाळ्यात आत पाणी भरते म्हणून बंद असते. तिथून एकाच फेरीत जमते, किरंदुल-विशाखापट्टणम पॅसेंजर जगदलपूरवरून आरकूमार्गे बोरा गुहालू स्टेशनला थांबते. गाडी त्या गुहांच्या वरूनच जाते, हे पोट्ट्यांना आधीच सांगून ठेवा. बोरा जवळपास ऐंशी मीटर खोल आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाईंना जमेल तेवढंच उतरवा. अन् छतावरून लोंबणाऱ्या, थेंबाथेंबातल्या चुन्यानं वाढणाऱ्या खडकांना हात लावू देऊ नका, हाताचं तेल लागलं की थेंबातला चुना तिथं धरत नाही, वाढ थांबते.

डोंगरवाट: बर्फाचं सांगतो. ती आइसरीझेनवेल्ट असणार, वेर्फेन गावाजवळ, बेचाळीस किलोमीटर लांब, पण बर्फ फक्त सुरुवातीच्या एक किलोमीटरमध्ये. हिवाळ्यात डोंगराच्या आतली हवा बाहेरपेक्षा गरम असते, ती वर चढून निघून जाते अन् खालच्या तोंडातून बर्फासारखी थंड हवा आत ओढली जाते, खडक पार गारठते. मग वसंतात वितळलेलं पाणी झिरपून आत आलं की त्या थंड खडकावर गोठते. अमरनाथचं लिंगही थेंब गोठूनच बनते.

मूळ प्रश्नकर्ती: लय उपकार भाऊ, पोरीला दोन्ही वाचून दाखवलं. आता एवढंच सांगा, आरकूला मुक्काम करायचा तर सासूबाईंसाठी खाली खोली मिळते का अन् डिसेंबरात तिथं रात्री किती गारठते?